आकडा बदलला, वाक्य तसंच राहिलं: जिल्ह्याच्या आकडेवारीचे लेख अद्ययावत कसे करायचे?

तळटीप | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

आपण काही जण मिळून सोलापूर जिल्ह्याच्या आकडेवारीवरचे लेख ऑनलाइन ठेवतो, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. लोकसंख्या, उजनी धरण, ज्वारी, ऊस, यंत्रमाग, विडी, महागाई. एका लेखात एक विषय, दोन-चार तक्ते, एखादा आलेख आणि त्याचा अर्थ सांगणारे पाच-सहा परिच्छेद, एवढंच. शाळेतली मुलं प्रकल्पासाठी वापरतात, स्पर्धा परीक्षेवाले टिपणं काढतात, कधी एखादा बातमीदार आकडा उचलतो. म्हणजे लोक विश्वासानं वाचतात. म्हणूनच हा धागा काढतोय.

गेल्या आठवड्यात एका अभ्यासिकेत गेलो होतो. तिथं एका मुलीनं विचारलं, "सर, १९९१ ते २००१ मध्ये सोलापुरात एवढी माणसं कुठून आली?" मी म्हटलं, "कुठं वाचलंस?" तिनं मोबाइल पुढं केला. आपलाच लेख होता. त्यात लिहिलं होतं:

"१९९१ ते २००१ या दशकात शहराची लोकसंख्या ४४ टक्क्यांनी वाढली. त्यानंतर मात्र गिरण्या बंद पडल्याने वाढ मंदावली आणि २०११ पर्यंतच्या दशकात ती जेमतेम ९ टक्के राहिली."

आकडे बघा. १९९१ ला ६,०४,२१५. २००१ ला ८,७२,४७८. २०११ ला ९,५१,५५८. तिन्ही जनगणनेचे, तिन्ही बरोबर. ४४ टक्के बरोबर, ९ टक्केही बरोबर. आणि तरीही ती दोन वाक्यं चुकीची आहेत. कारण १९९२ ला शहराची हद्दवाढ झाली. सुमारे ३३ चौरस किलोमीटरची महापालिका १७८ चौरस किलोमीटरची झाली. माणसं शहरात आली नाहीत, शहराची हद्द माणसांपर्यंत गेली. मग ४४ आणि ९ ची तुलना कशी करायची? आणि त्या तुलनेवर गिरण्यांचा निष्कर्ष कसा टांगायचा?

मला जास्त लागलं ते पुढचं. तो लेख आजवर तीनदा अद्ययावत झालाय. दर वेळी कुणीतरी नवा आकडा घातला, जुना मागं सरकवला. शेवटचं परीक्षण माझं होतं. मी बेरजा तपासल्या, टक्केवारी पुन्हा काढून बघितली, शुद्धलेखन बघितलं. वाक्य तपासलं नाही. माझी अख्खी नोकरी सांख्यिकी शिकवण्यात गेली आणि मुलांना मी पहिल्याच तासाला सांगायचो की दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच गोष्टीचे आहेत का ते बघा. त्या मुलीपुढं मी नीट उत्तर देऊ शकलो, पण घरी येऊन त्या रात्री आपले सगळे लेख पुन्हा उघडले. अशी ठिकाणं आणखी सापडली.

म्हणून इथं मोकळेपणानं बोलू या. माझं म्हणणं एवढंच की अद्ययावत करणं म्हणजे आकडा बदलणं नव्हे. आकडा बदलला की त्याच्या आधाराने उभं असलेलं प्रत्येक वाक्य नव्यानं लिहायचं, नाहीतर काढून टाकायचं. आणि ज्यानं लिहिलं त्यानं परीक्षण करायचं नाही.

बाहेर हे काम कसं होतं तेही बघितलं. युरोपीय संघाच्या युरोस्टॅट या सांख्यिकी कार्यालयाचं स्टॅटिस्टिक्स एक्सप्लेन्ड नावाचं प्रकाशन २००९ पासून ऑनलाइन आहे. त्यातल्या लेखांच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं की आकडे कोणत्या महिन्यात काढले आणि लेख पुढं कधी अद्ययावत व्हायचा आहे. वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं की आपण किती शिळं वाचतोय. आपल्या एकाही लेखावर असं काही नाही.

तुमच्या नजरेला काय काय आलंय ते सांगा. लेखाचं नाव आणि वाक्य दोन्ही द्या.

---

शेळगीकर | रविवार, रात्री ९:४८

सर, हा लेख मी वाचला होता आणि तेव्हाच खटकलं होतं, पण आकडे जनगणनेचे म्हटल्यावर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आमचं घर शेळगीत. बाळे, केगाव, सोरेगाव, देगाव, कुमठे, सगळी अशीच आत आलेली गावं. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही 'हद्दवाढ भाग' म्हणतो. १९९१ च्या जनगणनेत माझे आजोबा गावात मोजले गेले, २००१ ला शहरात. आजोबा त्याच घरात, त्याच ओट्यावर.

त्याच लेखात आणखी एक बघा. खालच्या तक्त्यात १९९१ च्या ओळीला लोकसंख्येची घनता ३,३८४ लिहिलीय. मी हिशेब करून बघितला. ६,०४,२१५ ला १७८.५७ नं भागलंय. म्हणजे माणसं जुन्या हद्दीतली आणि जमीन नव्या हद्दीतली! जुन्या हद्दीनं भागलं तर घनता १८ हजारांच्या वर जाते. साखर पेठेतल्या, अशोक चौकातल्या एका खोलीत माग आणि संसार दोन्ही असणाऱ्या घरांचं शहर होतं ते. ३,३८४ वाचून ते डोळ्यांसमोर येणारच नाही.

कुणीतरी क्षेत्रफळाचा रकाना 'अद्ययावत' करताना वरून खालपर्यंत एकच आकडा ओढला असणार.

---

तळटीप | रविवार, रात्री १०:०५

हा तक्ता माझ्या नजरेतून पूर्ण सुटला. ताई, मनापासून आभार. रकाना ओढल्याचं तुमचं अनुमान बरोबर वाटतंय, जुन्या आवृत्तीत क्षेत्रफळ वेगवेगळं होतं.

---

उजनीकाठ | सोमवार, सकाळी ६:५५

आमचा विषय पाण्याचा. माढा तालुक्यात शेती आहे, कॅनॉलवर. आपला उजनीचा लेख मी दर आठवड्याला उघडतो, म्हणून त्याच्याबद्दलच सांगतो.

उजनीची टक्केवारी ही उपयुक्त साठ्याची, म्हणजे नेहमी वापरता येणाऱ्या पाण्याची असते. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या खाली, धरणाच्या तळाला ६३.६६ टीएमसी मृतसाठा. दोन्ही मिळून ११७.२३. म्हणजे पेपरात 'उजनी शून्य टक्के' येतं तेव्हा धरणात ६३ टीएमसीच्या वर पाणी उभं असतं. त्याच्याही खाली गेलं की आपण म्हणतो उजनी मायनसमध्ये गेली. मायनस ३० म्हणजे उपयुक्त साठ्याच्या ३० टक्के, सुमारे १६ टीएमसी, मृतसाठ्यातून गेले आणि साडेसत्तेचाळीस टीएमसी राहिले. हे आमच्याकडं शाळेतलं पोरगं पण सांगतंय. पण बाहेरचा माणूस मायनस बघून चक्रावतो. पाणी मायनस कसं असेल?

आता आपल्या आलेखाचं. मागच्या उन्हाळ्यात एका आठवड्याला आकडा अचानक ५४ टक्के दाखवला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात जवळजवळ शून्य. एप्रिल महिना, आभाळात ढग नाही, आणि आलेखात धरण निम्मं भरलेलं. मी विचार केला तेव्हा कळलं. त्या आठवड्याला ज्यानं आकडा भरला त्यानं एकूण साठा घेतला, ६३.६६, आणि भागलं ११७.२३ नं. भागाकार चुकला नाही. पण आधीची सगळी टक्केवारी उपयुक्त साठ्याची, ही एकट्या आठवड्याची एकूण साठ्याची.

दोन दिवसांत कुणीतरी दुरुस्त केलं, पण गुपचूप. कुठं लिहिलं नाही की इथं चूक होती. त्या दोन दिवसांत आमच्या गावच्या ग्रुपवर तो आलेख फिरला होता. एकानं लिहिलं, पाणी हाय की, मग आवर्तन (कॅनॉलचं पाणी) का सोडत नाहीत? त्यावरून चांगलीच वादावादी झाली. ज्याचा ऊस वाळत चाललाय त्याला तो आलेख म्हणजे नुसता आलेख नसतो.

तर माझी मागणी ही. चूक दुरुस्त केली की तारखेसह लिहा की काय चुकलं होतं. आणि टक्क्याच्या शेजारी टीएमसी लिहाच लिहा.

---

अभ्यासिका | सोमवार, सकाळी ८:२०

सरांना प्रश्न विचारणारी मुलगी मीच. उजनीकाठ काका, शून्य टक्के म्हणजे धरण रिकामं नाही हे मला आज कळलं. मी शहरातच वाढले.

---

पुण्यात_सोलापूरकर | सोमवार, दुपारी १:३०

तळमळ पोचली, पण मूळ उपायाबद्दल माझं मत वेगळं आहे.

माणसं हातानं आकडे भरतात म्हणून हे होतं. क्षेत्रफळाचा रकाना ओढला जातो, छेद बदलतो. माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून सांगतो: मूळ स्रोतातून आकडा थेट उचलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहू या. तक्ता आणि आलेख आपोआप ताजे होतील. आणि परिच्छेद काढूनच टाका. ज्याला अर्थ लावायचा तो लावेल. वाक्य नसेल तर चुकीचं वाक्य राहणारच नाही. सहा-सात जणांनी पन्नास लेखांची वाक्यं दरवर्षी पुन्हा लिहायची, हे किती दिवस चालेल?

---

विडी_घरकुल | सोमवार, रात्री ११:१५

दिवसभर कामात होते, आत्ता वाचलं. पुण्याच्या दादांना सांगायचंय की आपल्याकडे एका लेखात आकडे आपोआपच येतात, आणि त्यातलीच चूक मला सगळ्यात जास्त लागली आहे. जरा सविस्तर लिहिते.

माझी आई विडी वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. हजार विड्यांमागं मजुरी. किमान वेतनात मूळ दराशिवाय विशेष भत्ता असतो आणि तो दर सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणं बदलतो. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक. केंद्र सरकारचं लेबर ब्युरो तो दर महिन्याला काढतं आणि ज्या शहरांतून भाव गोळा होतात त्यात सोलापूर आहे. आमच्या शहराचं या कामाशी नातं जुनं आहे. १९२५ ला मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. पगारातलं किती धान्याला जातं, किती भाड्याला, किती सावकाराला, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्या शहरात घरोघरी जाऊन विचारलेलं आहे.

सप्टेंबर २०२० पासून या निर्देशांकाचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे भाव १०० धरतात ते वर्ष, बदललं. आधी २००१ = १०० होतं, आता २०१६ = १००. देशाचा ऑगस्ट २०२० चा आकडा ३३८ होता. सप्टेंबरचा आला ११८.१. महागाई कमी झाली नव्हती, मोजपट्टी नवीन आली होती. जुन्या मालिकेशी जोडायचं तर ११८.१ ला २.८८ नं गुणायचं, म्हणजे ३४० येतात. हा २.८८ देशाचा. प्रत्येक केंद्राचा असा जोडणारा गुणक (लिंकिंग फॅक्टर) वेगळा असतो, सोलापूरचा सोलापूरला लावायचा. याआधी १९८२ वरून २००१ वर आलो तेव्हा देशाचा ४.६३ होता.

आपल्या लेखातला आलेख आपोआप आकडे उचलतो, त्यानं जुन्याच्या पुढं नवा आकडा चिकटवला. रेघ ३३८ वरून सरळ ११८ वर. खालचा परिच्छेद २०१९ चा, त्यात लिहिलेलं, "निर्देशांक सातत्याने वाढत आहे." वर आलेख कोसळलेला, खाली वाक्यात वाढ.

आमच्या वस्तीतल्या एका मुलानं हा आलेख आईला दाखवला आणि म्हणाला, "मावशी, महागाई उतरली, आता भत्ता कापणार." आई रात्रभर काळजीत. मी सकाळी आकडे उलगडून दाखवले तेव्हा म्हणाली, "मग असं लिवत का नाईत त्ये?"

असं का लिहीत नाही आपण? दादा, परिच्छेद काढून टाकू नका. माझ्या आईला तक्त्यातून ते कधीच कळलं नसतं. तिला वाक्यच लागतं.

---

पुण्यात_सोलापूरकर | मंगळवार, सकाळी ७:५०

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तो आलेख जोडणारी स्क्रिप्ट मीच दिली होती, २०१८ मध्ये. आधारवर्ष बदलेल हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. आईंना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो.

परिच्छेद काढा हे म्हणणं मागं घेतो. स्क्रिप्टचा उपयोग मात्र आहे, वेगळ्या रीतीनं. ती आकडा उचलेल आणि आधीच्या आकड्यापेक्षा फार फरक दिसला तर लेखात न टाकता थांबेल, माणसाला कळवेल. दुसरं, प्रत्येक वाक्य कोणत्या तक्त्यावर उभं आहे त्याची खूण आपण एकदा करून ठेवली, तर तक्ता बदलला की त्यावरची वाक्यं पिवळी होतील. कुणीतरी वाचून 'चालेल' म्हणेपर्यंत पिवळी राहतील, वाचकालाही दिसतील. हे मी या महिन्यात करून देतो.

---

मालदांडी | मंगळवार, सकाळी १०:३५

मंगळवेढ्याहून. कृषी खात्यातून निवृत्त, पीक कापणी प्रयोगांना पंचवीस-तीस वर्षं शिवारात उभा राहिलेलो आहे.

तुमच्या ज्वारीच्या आणि उसाच्या लेखांत 'वर्ष' हा शब्द फार मोकळा सुटलाय. '२०२२-२३ मध्ये' म्हणजे कोणतं? आमचं कृषी वर्ष १ जुलै ते ३० जून. सरकारी पैशाचं वर्ष एप्रिल ते मार्च. साखरेचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. तिन्ही लिहिताना २०२२-२३ च. तुमच्या एका तक्त्यात उसाखालचं क्षेत्र कृषी वर्षाचं, गाळप हंगामाचं आणि कर्जाचा आकडा आर्थिक वर्षाचा, आणि त्यावरून एकरी कर्ज काढलंय. शिवाय आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. त्याचं क्षेत्र कोणत्या वर्षात धरलं ते सांगितल्याशिवाय उत्पादकता काढू नये.

ज्वारीचंही सांगतो. एका परिच्छेदात लिहिलंय, "जिल्ह्यात ज्वारीची उत्पादकता राज्याच्या तुलनेत कमी आहे, शेतकऱ्यांनी सुधारित वाण वापरावेत." अहो, राज्याच्या सरासरीत खरिपाची संकरित ज्वारीही आली. आमची रब्बीची, जमिनीतल्या ओलीवर येणारी. मालदांडी ३५-१ हा मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला वाण आहे, आणि तो इथं टिकला तो काळ्या जमिनीला आणि कमी पावसाला धरून राहतो म्हणून, शिवाय भाकरी आणि कडबा दोन्ही देतो म्हणून. कडबा तर तुमच्या तक्त्यात नाहीच. जनावरं असलेल्या घरात कडब्याची पेंढी ही दाण्याइतकीच मोलाची. रब्बीशी रब्बी लावा, मग काय दिसतं ते लिहा. आणि शेतकऱ्यांनी काय करावं हे आकडेवारीच्या लेखात लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

तळटीप | मंगळवार, दुपारी ४:२०

साहेब, शेवटचं वाक्य मी संपादकीय नियमातच घालतो आहे.

'वर्ष' शब्दापुढं प्रत्येक ठिकाणी कृषी, आर्थिक किंवा गाळप असं लिहायचं. आजच ज्वारीचा लेख उघडून बसलो होतो. 'वर्ष' एकोणीस वेळा आलंय, त्यातल्या सात ठिकाणी कोणतं ते मलाही ठरवता आलं नाही. ते आकडे मूळ जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातून पुन्हा काढावे लागतील. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या या समालोचनात तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात टिपा असतात. आपण तक्ता उचलला आणि टिपा तिथंच ठेवून आलो.

---

बार्शीची | मंगळवार, रात्री ८:०२

माझे दोन छोटे मुद्दे.

शहराच्या २०११ च्या लोकसंख्येचे दोन आकडे आपल्याच दोन लेखांत आहेत. पाण्याच्या लेखात ९,५१,११८ आणि लोकसंख्येच्या लेखात ९,५१,५५८. पहिला तात्पुरता आहे, दुसरा अंतिम. फरक ४४० माणसांचा, पण वाचकाला वाटतं यांनाच नक्की ठाऊक नाही.

दुसरं, आमच्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव आता धाराशिव. वर नगरचं अहिल्यानगर. २०११ च्या तक्त्यात काय लिहायचं? एका लेखात कुणीतरी 'शोधा आणि बदला' करून सगळीकडं धाराशिव केलंय, अगदी अहवालाच्या नावातसुद्धा. तो अहवाल आता शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण त्या नावाचा अहवालच नाही.

---

तळटीप | मंगळवार, रात्री ८:३०

तात्पुरता आणि अंतिम दोन्ही असतील तर अंतिम, आणि तसं लिहायचं. नावाबद्दल मला असं वाटतं की आपल्या वाक्यात आजचं नाव, आणि मूळ तक्त्याचं किंवा अहवालाचं शीर्षक जसं छापलं तसंच. पहिल्या उल्लेखाला 'तेव्हाचा उस्मानाबाद' म्हटलं की पुरे. कुणाला वेगळं वाटत असेल तर बोला.

---

चंद्रभागा | बुधवार, सकाळी ९:१५

पंढरपूरच्या लेखात "आषाढीला अमुक लाख भाविक येतात" असं एक वाक्य आहे. दरवर्षी कुणीतरी पेपरातला नवा आकडा घालतं. तो आकडा कुणी मोजला, कसा मोजला, एका दिवसाचा की अख्ख्या यात्रेचा, काही नाही. मी पंढरपूरचीच. गर्दी डोळ्यांनी बघते, दर्शनरांगेत सेवा करते. वारीबद्दल माझ्या मनात जे आहे ते आकड्यानं वाढत नाही की कमी होत नाही. म्हणूनच म्हणते, मोजणीची रीत माहीत नसलेला आकडा सांख्यिकीच्या लेखात नको. एसटीनं किती जादा गाड्या सोडल्या, किती फेऱ्या झाल्या, ते मोजलेलं असतं. ते द्या.

---

उजनीकाठ | बुधवार, सकाळी ९:४०

ताईंशी सहमत. माउलीच्या वारीला अंदाजपंचे आकडा शोभत नाही.

---

शेळगीकर | बुधवार, रात्री १०:१०

पुढचं बोलायला हवं, कारण वेळ जवळ येतेय. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आकडे आले की आपले जवळजवळ सगळे लेख एकदम जुने होतील. २०११ नंतर सोळा वर्षांनी येणारे आकडे. घाईनं रकाने भरायला सुरुवात झाली तर १९९१ ची गोष्ट पुन्हा होईल.

एक जागा आत्ताच दाखवते. कुंभारी. अक्कलकोट रोडला विडी कामगारांचं दहा हजार घरांचं घरकुल, आणि आता रे नगर, तिथं तीस हजार घरांची योजना. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. ही माणसं शहरातून तिकडं गेली. कामाला, बाजाराला, दवाखान्याला रोज शहरात येतात. पण कुंभारी महापालिकेत नाही, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. म्हणजे २०२७ ला शहराची वाढ कमी दिसेल आणि दक्षिण सोलापूरची जास्त. कुणीतरी लगेच लिहील, 'सोलापूरकर शहर सोडून खेड्यात चालले'. या वेळी हद्द नाही सरकली, माणसं हद्दीपलीकडं गेली. १९९१ च्या बरोबर उलट.

---

विडी_घरकुल | बुधवार, रात्री १०:५५

हो. आमचं नाव मतदारयादीत एकीकडं, आईचं कार्ड दुसरीकडं, आणि पत्ता विचारला की आम्ही 'सोलापूर'च सांगतो. कुंभारीवर वेगळी चौकट करायची असेल तर मी लिहिते. तिथल्या बायका मला ओळखतात.

---

तळटीप | गुरुवार, रात्री ९:००

लिहाच.

लोकसंख्येच्या लेखाचा तो परिच्छेद आज नव्यानं लिहिला. इथं ठेवतो:

"जनगणनेनुसार सोलापूर महापालिका हद्दीत १९९१ मध्ये ६,०४,२१५, २००१ मध्ये ८,७२,४७८ आणि २०११ मध्ये ९,५१,५५८ लोक राहत होते. १९९२ मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली आणि हद्दीचे क्षेत्र सुमारे ३३ वरून १७८.५७ चौरस किलोमीटर झाले. त्यामुळे १९९१ चा आकडा पुढच्या दोन आकड्यांशी थेट ताडता येत नाही. २००१ आणि २०११ ची हद्द एकच आहे. या दहा वर्षांत लोकसंख्या ९.१ टक्क्यांनी वाढली. याच काळात संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या १२.२ टक्क्यांनी वाढली."

गिरण्यांचं वाक्य काढलं. ते खरं असेलही, पण या तीन आकड्यांतून ते निघत नाही. माथ्यावर आकडे घेतल्याचा महिना आणि पुढच्या अद्ययावतीचा महिना घातला. तळाशी दुरुस्तीची नोंद घातली: आधी काय लिहिलं होतं, का चुकलं, कुणाच्या लक्षात आलं. जुनी आवृत्ती पुसलेली नाही, दुव्यावर आहे.

१९९१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका मिळवून हद्दीत आलेल्या गावांची तेव्हाची लोकसंख्या शहरात मिळवली, तर खरी तुलना करता येईल. ते काम शेळगीकर ताई घेतायत.

परीक्षण मी करणार नाही. अभ्यासिका, प्रश्न तुझा होता. तू करशील का?

---

अभ्यासिका | शुक्रवार, सकाळी ७:३०

सर, रात्रीच तीनदा वाचलं. आकडे कॅल्क्युलेटरवर करून बघितले, जुळले. ९.१ आणि १२.२ दोन्ही.

दोन गोष्टी. 'थेट ताडता येत नाही' हे बरोबर आहे, पण खाली आलेखात तिन्ही खांब अजून शेजारी-शेजारी, एकाच रंगात आहेत. परिच्छेद न वाचता आलेख बघणाऱ्याला ४४ टक्केच दिसणार. मीही आधी आलेखच बघितला होता. १९९१ चा खांब वेगळ्या रंगात करा आणि मध्ये तुटक रेघ द्या.

दुसरं, 'आसपासची गावे' म्हणजे कोणती, कुठं, हे मला माहीत आहे कारण मी इथली. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या वाचकाला नाही. जुनी हद्द आणि नवी हद्द दाखवणारा नकाशा हवा.

तोपर्यंत मी 'चालेल' म्हणत नाही.

---

तळटीप | शुक्रवार, सकाळी ७:५२

बरोबर आहे. आलेख दुपारपर्यंत बदलतो. नकाशाला दोन-चार दिवस लागतील, तोवर लेखावर 'परीक्षण चालू' अशी पाटी राहील.

---

पुण्यात_सोलापूरकर | शुक्रवार, सकाळी ८:१०

नकाशाच्या दोन्ही हद्दी मी आखून देतो. १९९२ पूर्वीची हद्द दाखवणारा जुना कागद कुणाकडं असेल तर फोटो काढून पाठवा.

---

शेळगीकर | शुक्रवार, सकाळी ८:४१

वडिलांच्या पेटीत आहे. संध्याकाळी पाठवते.